अष्टमीचा निळा रंग

अलीगंजच्या घरात सकाळी गॅसवर सगळ्यात आधी चढायची ती परीक्षानळी. चहाचं आधण तिच्यानंतर. बाबा लाकडी चिमट्यात नळी धरून ती ज्योतीवर तिरकी फिरवत उभे राहायचे, आतलं निळं औषध बुडबुडे काढत उकळायचं, आणि मग ते नळी खिडकीच्या उजेडात नेऊन रंग बघायचे. औषधात आईच्या लघवीचे आठ थेंब टाकलेले असत. औषध निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच. नारिंगी आलं की बाबांच्या कपाळाला आठी पडे, आणि विटकरी आलं की ते नळी लगेच नळाखाली धरत. हे सगळं स्वयंपाकघरात, दुधाच्या पातेल्याशेजारी चाललेलं आईला सहन होत नसे. पण शेगडी घरात एकच, दोन बर्नरची. शेवटी तिने उजवा बर्नर त्या कामाला देऊन टाकला आणि सगळा स्वयंपाक एकट्या डाव्या बर्नरवर करू लागली. वरण उतरल्याशिवाय भाजी चढत नसे, त्यामुळे आमची जेवणं नेहमी लांबत. नळी झाली की उजव्या बर्नरवर स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज उकळायची. पाण्याबरोबर ती डबीच्या तळाशी टकटक आपटत राहायची आणि खालून भाजीवाल्या भैयाची ‘लौकी, तोरई, परवल’ अशी लांबलचक हाक यायची. त्या दोन आवाजांत मी शाळेचा अभ्यास उरकत असे.

बाबा वायुसेनेत होते. बख्शी का तालाबच्या तळावर यंत्रांची देखभाल करणं हे त्यांचं काम. तिथे क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून आम्ही अलीगंजमध्ये शुक्ला आंटींच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता, आणि बाबा रोज स्कूटरने जाऊन-येऊन करत. आई गुहागरकडची. लखनऊत इतकी वर्षं काढूनही तिच्या तोंडी हिंदी बसली नाही. ती दुकानदाराशी मराठीतच बोलायची, फक्त शेवटी ‘है’ लावायची, आणि दुकानदार तिला ‘बहनजी’ म्हणत हवं ते बरोबर काढून द्यायचा. मी तिच्याशी निम्मं हिंदीत बोलायचे. ती म्हणायची, ‘मेधे, तुझं लग्न होईपर्यंत तुला माझं बोलणं कळेनासं होणार.’

आईला मधुमेह होता हे आधीपासून माहीत होतं. गोळ्या चालू होत्या. मी दहावीला असताना गोळ्यांनी भागेना, आणि जवळच्या कपूरथला चौकाच्या बाजूला ज्यांचा दवाखाना होता त्या वयस्कर डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केलं. सकाळी एक सुई, संध्याकाळी एक सुई. ते फार सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बाबांना समोर बसवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, ‘सुई मत छोड़िएगा, बर्वे साहब, कुछ भी हो जाए.’ बाबांनी तो हुकूम म्हणून घेतला. आईला त्यांनी खाण्याचा छापील कागद दिला. त्यावर अरहर की दाल, लौकी, दो रोटी, बिना मलाई का दूध असं लिहिलेलं होतं. आईने तो वाचून घेतला आणि म्हणाली, हे सगळं शुक्लांकडचं जेवण आहे, यात आमटी नाही, भात नाही, भाकरी नाही. माझ्या घरात हे कोण खाणार? कागद फळीवर अंथरला गेला आणि त्याच्यावर मसाल्याचे डबे बसले.

डॉक्टरांनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली होती. घाम आला, हात कापायला लागले, घाबरल्यासारखं झालं तर लगेच साखर खायची. आईने घरी येऊन हे आम्हाला हसून हसून सांगितलं. साखरेच्या रोग्याला साखर खायला सांगणारा डॉक्टर तिने पहिल्यांदाच पाहिला होता. पुढे कितीतरी दिवस ते आमच्या घरातलं हसण्याचं वाक्य होऊन बसलं. चहात साखर जास्त पडली की बाबा म्हणायचे, ‘घे, डॉक्टरांनीच सांगितलंय.’

अशा तऱ्हेने घरात दोन खाती पडली. सुई हे बाबांचं खातं आणि खाणं हे आईचं. दोन्ही खाती अतिशय चोख चालायची. बाबांनी एकही सुई कधी चुकवली नाही. उन्हाळ्यात दुपार-दुपार वीज जायची, तेव्हा इन्सुलिनच्या बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्याच्या मडक्यात सोडणं, फ्रिज चालू झाला की परत त्याच्या दारात ठेवणं, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढताना टिचकी मारणं, मांडीवर जागा बदलत जाणं, यात त्यांच्या हातून चूक होणं शक्य नव्हतं. आईही तिच्या खात्यात कमी नव्हती. पण या दोन खात्यांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. आई काय जेवली हे बाबा विचारत नसत, कारण ते त्यांना नळीच्या रंगावरून कळे. रंग चढला की डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे ते दोन युनिट वाढवत. आईला त्यातून एवढंच समजलं, की आता खायला हरकत नाही.

त्या उन्हाळ्यात मलिहाबादचा दशहरी आला तेव्हा बादलीत पाणी घालून आंबे बुडवून ठेवले होते आणि आईने आमच्या बरोबरीने खाल्ले. गोळ्यांच्या दिवसांत ती एक फोड घेऊन गप्प बसे. आता म्हणाली, ‘सुई काय उगाच टोचून घेतेय?’ रात्री भात, सकाळी शुक्ला आंटींनी पाठवलेली दही-जलेबी. नळी पिवळी व्हायची, बाबा दोन युनिट वाढवायचे, दुसऱ्या दिवशी हिरवी, मग पुन्हा काही तरी गोड, पुन्हा पिवळी. सकाळचा आकडा अठरावरून सुरू झाला होता, तो पाऊस संपता संपता छत्तीसवर गेला. संध्याकाळचा बारावरून वीसवर. आईचं अंग भरलं. ब्लाउजच्या शिवणी उसवून सोडाव्या लागल्या. जवळच राहणाऱ्या लेले काकू म्हणाल्या, तब्येत सुधारली हो तुमची, वहिनी.

आज मी स्वतः इन्सुलिन घेते. पेनासारखं उपकरण आहे, सुई जाणवतसुद्धा नाही, आणि बोटाच्या टोकाच्या रक्ताचा आकडा क्षणात दिसतो. तरी घरात बासुंदी झाली की जाऊबाई म्हणतातच, दोन युनिट जास्त घे आणि खा की. मी त्यांना समजावून सांगते. इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतं, पण आपण जेवलो की नाही हे त्याला कळत नाही. टोचलं की ते आपलं काम करणार, पोट भरलेलं असो की रिकामं. म्हणून खाणं ठरलेलं असलं तरच त्याची मात्रा ठरवता येते. जास्त खाऊन मात्रा चढवत गेलं तर वजन वाढतं आणि आणखी मात्रा लागते. आणि चढलेल्या मात्रेवर एक दिवस खाणं सुटलं, तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. जाऊबाई ऐकून घेतात. मग बासुंदीची वाटी माझ्यासमोर ठेवतात.

भाद्रपदात आईने नवस केला. सुई सुटू दे, मी नवरात्राचे नऊ दिवस उपास करीन. एरवी ती पहिला आणि शेवटचा दिवस धरायची. आमच्याकडे अष्टमीला महालक्ष्मी बसते. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करायचा, तिला साडी नेसवून उभी करायची, आणि संध्याकाळी बायकांनी तिच्यापुढे घागरी फुंकायच्या. घागर उदाच्या धुरावर धरायची, दोन्ही हातांनी तोंडाजवळ घ्यायची आणि काठावर फुंकर घालत फेर धरायचा. घूं घूं असा आवाज घुमतो. फुंकता फुंकता एखादीच्या अंगात येतं आणि बायका तिला देवी समजून प्रश्न विचारतात. अलीगंज आणि आसपासच्या चार-सहा कोकणातल्या घरांनी मिळून हे लेल्यांकडे करायचं ठरवलेलं होतं. लेले बँकेत होते, त्यांचा हॉल मोठा. आई लग्न झाल्यापासून दर वर्षी घागर फुंकत आली होती आणि देवी तिच्याकडे कधीच आली नव्हती. दुसऱ्या कुणाकडे यायची, तेव्हा आई तिची ओटी भरून, पाया पडून घरी यायची. त्या दिवशी परतीच्या वाटेवर ती फारसं बोलत नसे.

घट बसले त्या दिवशी आईने साबुदाण्याची खिचडी केली आणि दुसऱ्या दिवशी नळी विटकरी झाली. शुक्ला आंटी खालून वर येऊन सांगून गेल्या, की साबुदाण्यात सगळा स्टार्चच असतो, त्यांच्या नणंदेलाही मना आहे. आईने लगेच साबुदाणा सोडला. कुट्टूच्या पिठाची उपासाची पुरी तिला आवडत नव्हती, शिंगाड्याचा शिरा तूप-साखरेचा म्हणून नको. राहिलं एक कप दूध, संध्याकाळी अर्धं सफरचंद. तिसऱ्या दिवशी नळी हिरवी. चौथ्या दिवशी निळी.

बाबांनी ती नळी आम्हाला बोलावून दाखवली. इतकी स्वच्छ निळी नळी आमच्या घरात पहिल्यांदाच आली होती. ते म्हणाले, ‘बघ, शेवटी मात्रा जमली.’ आई नळीला हात न लावता लांबून बघत होती. तिच्या मते देवीने ऐकलं होतं. पाचव्या दिवशी निळी, सहाव्या दिवशी निळी. मात्रा कमी करायची का, असं मनात येण्याचं बाबांना कारणच नव्हतं. यंत्र बरोबर चाललेलं असताना त्याला हात लावायचा नाही, हे ते नोकरीत पहिल्या दिवसापासून शिकले होते.

त्या निळ्याबद्दल मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं. लघवीत साखर उतरते ती रक्तात फार झाली म्हणजे. रक्तात साखर बेताची असली तरी नळी निळी, आणि जीव जाईल इतकी कमी असली तरी नळी निळीच. निळ्याच्या वर किती चढलं आहे हे नळी विटकरीपर्यंत सांगायची. निळ्याच्या खाली किती खोल आहे, हे सांगणारा रंग तिच्यात नव्हता. आम्हाला कुणी तसं सांगितलं नव्हतं, आणि विचारावं असं काही घडलंही नव्हतं.

दुपारी आईला घाम यायचा. ऑक्टोबर होता, उकाडा होताच. सातव्या माळेला फुलं ओवताना तिला सुईत दोरा घालता येईना, तो मी घालून दिला. ती चिडचिडी झाली होती, आणि मधेच एकटक बघत बसायची. बाबा म्हणाले, उपासाचा अशक्तपणा आहे, दोन दिवसांचा प्रश्न आहे. लेले काकू तयारीसाठी आल्या होत्या, त्यांना आईच्या चेहऱ्यावर तेज दिसलं.

अष्टमीला आईने दूधही घेतलं नाही. सकाळी शुक्ला आंटींनी, नऊ मुलींत एक कमी पडली म्हणून, एवढ्या मोठ्या मलाही कन्यापूजनासाठी खाली बोलावलं, पाय धुतले, कपाळाला टिळा लावला आणि हलवा-पूरी-चणे ताटात वाढून दिले. ते ताट घेऊन मी वर आले आणि खात बसले. बाबा समोर सिरिंजमध्ये इन्सुलिन भरत होते. छत्तीस. नळी निळी होती. आईने सुई घेतली, तोंड धुतलं आणि मुखवट्याच्या उकडीसाठी तांदळाचं पीठ चाळायला लेल्यांकडे गेली. संध्याकाळी परत आली ती साडी बदलायला. बाबांनी संध्याकाळची सुई निघायच्या आधीच देऊन टाकली, कारण तिकडे पूजा किती लांबेल सांगता येत नव्हतं, आणि पूजेनंतर महाप्रसाद होताच, तो उपास असला तरी घ्यायचाच असतो. आई आरशासमोर उभी होती. तिला गजरा लावता येईना. केस तेवढे दाट राहिले नाहीत म्हणून बसत नाही, असं काही तरी ती पुटपुटली.

लेल्यांच्या हॉलमध्ये दिवेलागणीला घागरी सुरू झाल्या. बाहेर चौकात रामलीलेचा भोंगा लागला होता, त्यातून रावणाचं हसू अधूनमधून येत होतं. आत उदाचा इतका धूर, की मुखवट्याचे काजळाने रेखलेले डोळे तेवढे दिसत होते. पुरुष बाहेरच्या खोलीत. आम्ही मुली भिंतीला टेकून बसलेल्या. आईने घागर उचलली तेव्हा ती किंचित तिरपी झाली आणि परत सावरली. दोन फेर झाले असतील. मग ती इतरांच्या तालातून सुटली. तिचं तोंड घागरीवरून सरकलं, घागर लेले काकूंनी वरच्यावर धरली, आणि आई दोन्ही हात पसरून झुलायला लागली. अंग थरथरत होतं. कपाळावरून घाम गळून कुंकू नाकापर्यंत ओघळलं होतं. डोळे उघडे होते आणि कुणाकडेच बघत नव्हते. कुणी तरी म्हणालं, ‘बर्वे वहिनींकडे आली.’

बाकीच्या बायका थांबल्या. तिच्यापुढे पाट आला, हळद-कुंकू वाहिलं गेलं, ओटी भरली गेली. नारळ तिच्या हातातून खाली पडला तोही शुभ ठरला. मला भीती वाटत होती, पण त्या भीतीत मोठा मान होता. माझ्या आईला सगळ्या जणी वाकून नमस्कार करत होत्या. दामले वहिनींच्या यजमानांना गेली तीन वर्षं पुण्याची बदली हवी होती. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘आई, आम्ही घरी कधी जाऊ?’ आईने मान हलवली आणि जड जिभेने म्हणाली, ‘घरी... घरी न्या.’ दामले वहिनी रडायला लागल्या. लेले काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की देवीने हो म्हटलं.

ती घरी न्या म्हणत होती, ते स्वतःला. पण हे आज मला दिसतं.

कुणी तरी बाहेर जाऊन बाबांना सांगितलं. ते दारापर्यंत आले. आत बायकांची पूजा म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबले, आणि तिथून त्यांनी हात जोडले. स्वतःच्या बायकोला हात जोडलेले बाबा मी तेवढे एकदाच पाहिले. थोड्या वेळाने आई खाली बसली, मग आडवी झाली. देवी गेली की त्या बाईला लगेच उठवायचं नसतं, ती आपली आपण भानावर येते, असं लेले काकूंनी सांगितलं. तिच्या अंगावर शाल घातली, पंखा बंद केला, आणि शेजारच्या खोलीत पानं मांडली. पुरण होतं, वरण-भात, कढी. बाबा पुरुषांच्या पंगतीत बसले. त्यांच्या पानात लेल्यांनी आग्रह करकरून पोळ्या वाढल्या.

पंगत उठत आली तेव्हा मी आईचं ताट घेऊन हॉलमध्ये गेले. तिला हाक मारली. शाल बाजूला केली तर ब्लाउज, साडी, खालची सतरंजी सगळं भिजलेलं होतं आणि हात बर्फासारखा होता. घशातून घरघर येत होती. जबडा घट्ट मिटलेला. मी ताट तिथेच ठेवलं आणि बाबांना बोलावून आणलं. त्यांनी तिची नाडी धरली, डोळ्याची पापणी वर केली, आणि लेल्यांना एवढंच म्हणाले, ‘गाडी काढा.’ लेले काकू म्हणत होत्या, थोडं थांबा, भाऊजी, तिला असं मधेच हलवू नका. बाबांनी तिला उचललं.

जवळच्या नर्सिंग होममध्ये एक तरुण डॉक्टर ड्यूटीवर होता. आईच्या कपाळाचा मळवट आणि ओटीतले तांदूळ बघून त्याने आधी विचारलं, पूजेतून आणलंय का. बाबा हो म्हणाले, आणि शुगरची पेशंट आहे असं सांगितलं.

‘खाना कब खाया था?’

‘नवरात्र का व्रत है. आज कुछ नहीं लिया.’

‘इंसुलिन?’

‘टाइम पर दी है. सुबह छत्तीस, शाम को बीस.’ बाबा ताठ उभे होते. ‘कभी मिस नहीं की, डॉक्टर साहब.’

डॉक्टरने वळून नर्सला ग्लुकोज आणायला सांगितलं. रक्त घेतलं, शिरेत मोठी सिरिंज रिकामी केली, मग आणखी एक. आईचा हात उबदार व्हायला लागला, घरघर थांबली. पण ती उठली नाही. दुखून तरी ती हलते का हे बघायला डॉक्टरने तिच्या छातीच्या हाडावर बोटांची पेरं दाबून पाहिली. तो हळूच म्हणाला, आता उठायला हवं होतं. किती वेळ अशी होती, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, की पंगत बसायच्या आधीपासून. एरवी सहज येणारी हिंदी मला तेव्हा नीट जमली नाही, आणि त्याने ते दोनदा विचारून घेतलं.

आईने डोळे उघडले ते दसरा होऊन गेल्यावर, मोठ्या हॉस्पिटलात. दिवाळीच्या आत ती घरी आली. चालत होती, बोलत होती, सावकाश. गुहागरच्या समुद्रावरची वाट, आजोळची माणसं, सगळ्या आरत्या, तिखटामिठाची प्रमाणं, जुनं सगळं जागच्या जागी होतं. नवं काही टिकत नव्हतं. सकाळी कोण आलं होतं ते दुपारी आठवत नसे. भाजीत मीठ घालायची, वळून परत यायची आणि पुन्हा घालायची. त्या नवरात्रातला एकही दिवस तिला आठवत नव्हता.

बाबांनी खाणं आपल्याकडे घेतलं. फळीवरचा तो कागद त्यांनी काढला नाही. डॉक्टरांकडे जाऊन बसले आणि आमच्या जेवणाचं विचारून आले. दोन पोळ्या, एक छोटी वाटी भात, वरण, भाजी, काकडी, रोज त्याच वेळी आणि तेवढंच. मधल्या वेळेला मूठभर फुटाणे. जेवण ठरल्यावर मात्रा उतरत गेली आणि सोळा आणि आठवर येऊन थांबली. वीस युनिट सकाळची नुसती आंब्यांची आणि भाताची होती, हे त्यांनी मला एकदा सांगितलं, इतर कुणाला नाही. ताट वाढून झाल्याशिवाय ते सिरिंज भरत नसत. सुई दिल्यावर जेवायला बसेपर्यंतचा अर्धा तास ते तिच्यासमोर स्टूल टाकून बसत आणि ती शेवटचा घास खाईपर्यंत उठत नसत. आईला त्याचं हसू यायचं. म्हणायची, ‘अहो, तुम्हाला दुसरं काम नाही का?’

डिसेंबरमध्ये दामल्यांची पुण्याला बदली झाली. वहिनी लेले काकूंना घेऊन आल्या, खण-नारळ आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. बाबांनी दारातच सांगून पाहिलं, की देवी वगैरे काही नव्हतं, साखर उतरली होती. दामले वहिनी अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘असं बोलू नये, भाऊजी. आम्हाला तिने स्वतः सांगितलं.’ आत येऊन त्यांनी आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं वर्णन केलं. आई कशी झुलत होती, कशी दिसत होती, सगळ्या कशा पाया पडत होत्या. आई ऐकत होती. हॉस्पिटलातून आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं काही मी पाहिलं नव्हतं. त्या गेल्यावर ती म्हणाली, ‘पुढच्या नवरात्रात नऊही दिवस मी नुसत्या पाण्यावर राहणार.’

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. मी त्यांच्या मागे गेले. ते नळ सोडून उभे होते. त्यांनी मला सांगितलं, ‘असू दे गं. तेवढं राहू दे तिच्याजवळ.’

‘मग अष्टमीला तिला कोण जेवायला लावणार?’ मी विचारलं.

त्यांनी नळ बंद केला. मी बाहेर येऊन आईशेजारी बसले आणि सांगितलं, ‘आई, देवी नव्हती ती.’

‘मग कोण होतं?’

‘कोणी नव्हतं. सुई घेतली होतीस आणि पोटात काही नव्हतं. अंगातली साखर संपली, म्हणून तसं झालं.’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘डॉक्टरांनी मोजली.’

तिने जन्मात कधी आकडा विचारला नव्हता. त्या दिवशी विचारला. ‘किती होती?’

‘बावीस.’

‘आणि हवी किती?’

‘शंभराच्या आसपास.’

ती बराच वेळ आपल्या तळहातांकडे बघत होती. मग म्हणाली, ‘म्हणजे नाहीच आली.’

मला वाटलं, सांगून झालं. दोन दिवसांनी लेले काकू जिन्यात भेटल्या आणि काही तरी बोलल्या असाव्यात, कारण आई वर आली ती तोच चेहरा घेऊन. माझा हात धरून तिने विचारलं, की अगं, माझ्याकडे देवी आली होती, तुला माहीत आहे का? मी सांगितलेलं तिच्याजवळ राहिलं नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला पुन्हा. दामले वहिनींचं पत्र यायचं तेव्हा पुन्हा. आमची बदली झाली, माझं लग्न झालं, तरी नवरात्राच्या आधी कुणी ना कुणी तिला ते सांगायचंच, आणि मी माहेरी येऊन ते तिच्याकडून काढून घ्यायचे. दर वेळी ती विचारायची किती होती, मी बावीस म्हणायचे, ती विचारायची हवी किती, मी सांगायचे. आणि दर वेळी ती तळहातांकडे बघून म्हणायची, ‘म्हणजे नाहीच आली,’ आत्ताच पहिल्यांदा कळल्यासारखी. मग मी ताट पुढे सरकवायचे, आणि ती जेवायची.